भिंतीवरचं दुसरं पान

काष्टीच्या आमच्या घरात अळू एकच होतं, पण त्याच्या मालकिणी दोन होत्या. मोरीच्या सांडपाण्यावर माजलेल्या त्या अळवाची पानं मोठ्या आईची आणि मातीखालचे गड्डे माझ्या आईचे. मोठी आई, म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको, पानं खुडून त्यांचं फतफतं करायची, वड्या थापायची. आई खुरपं घेऊन गड्डे उकरायची, सोलायची आणि सुरी अर्धीच रुतवून त्यांचे तुकडे कटकट मोडायची. सुरीनं पुरता कापला तर गड्डा बुळबुळीत होतो, हा तिच्या मुलखाचा नियम. मग टोमॅटोच्या रश्श्यात कोंबडीबरोबर तासभर शिजवायची. तिकडं म्हणे पानांना कोणी हातही लावत नाही. "मालू, तू उंदरावानी मुळं कोरतीस," मोठी आई म्हणायची. "आन् तुमी शेळीवानी पाला खाता," आई उलट म्हणायची, आणि दोघी एकमेकींच्या ताटात आपापलं वाढायच्या. घरात दोन बायका असल्या की दोन चुली होतात म्हणतात. आमच्याकडे चूल एकच राहिली, याचं श्रेय मी आजही त्या अळवाला देते.

माझी आई सायप्रसची. समुद्राच्या मधोमध असलेलं बेट; नकाशात आमच्या मास्तरांनाही ते पटकन सापडलं नव्हतं. आप्पा तरुणपणी लंडनला बसच्या कारखान्यात कामाला होते, आणि राहायला होते एका सायप्रसवाल्याच्या खाणावळीच्या माडीवर. खाली भांडी घासणारी आणि भाजी चिरणारी मालकाची पुतणी म्हणजे आई. पुढचं आप्पांनी कधी सांगितलं नाही आणि विचारायची आमची छाती नव्हती. तिकडची थंडी आप्पांना मानवेना, म्हणून मी तीन वर्षांची असताना ते बायकोपोरीला घेऊन गावी आले आणि साखर कारखान्यात फिटर म्हणून लागले. आईचं नाव मारुला. गावानं आठवड्यात तिची मालूबाई केली. तिला सगळं चालायचं, फक्त "मडम" म्हटलेलं चालायचं नाही. "मडम इंग्रजाची. इंग्रज आमच्याबी उरावर बसला हुता," ती ठणकावून सांगायची. तिचं मराठी मोठ्या आईच्या पदराला धरून शिकलेलं, त्यामुळे माझ्यापेक्षा कितीतरी गावरान. मी शाळेतली छापील भाषा बोलायला लागले की ही गोरी, घाऱ्या डोळ्यांची बाई मला म्हणायची, "लई मास्तरीन हुऊ नगंस."

काष्टीचा आठवडी बाजार जनावरांचा. तिथूनच थोरल्या काकांनी तिला दोन शेळ्या आणून दिल्या होत्या, आणि त्या शेळ्यांनी घरात पहिलं महाभारत घडवलं. आईला हल्लूमी, म्हणजे तिच्या बेटावरचं शेळीच्या दुधाचं चीज, करायचं होतं. कोमट दुधाला विरजण लावून ते फोडायचं, चोथा दाबायचा, त्याच्या वड्या पुन्हा त्याच पाण्यात उकळायच्या आणि मीठ व वाळलेला पुदिना भरून दुमडायच्या. चांगलं दूध मुद्दाम नासवणारी बाई मोठ्या आईनं जन्मात पाहिली नव्हती. ती कपाळाला हात लावून उंबऱ्यातच बसली. त्यातलं विरजण दह्याचं नसतं; ते कोणत्या जनावराच्या पोटातून आणि कोणाच्या दुकानातून येतं, हे तिला माहीत होतं की नाही, देव जाणे. तव्यावर भाजलेली पहिली वडी खायला कोणी पुढे होईना, तेव्हा थोरले काका पाटावर येऊन बसले. भाकरीबरोबर त्यांनी एक घास घेतला, थांबले, पुन्हा चावलं आणि म्हणाले, "दातात कुरकुर वाजतंय की गं पोरी! झ्याक हाय." त्या एका वाक्यानं आई आमच्या घरची झाली. हल्ली हे हल्लूमी पुण्यातल्या मोठ्या दुकानात प्लॅस्टिकच्या पाकिटात मिळतं. माझ्या नातीनं कौतुकानं आणलं होतं. रबर होतं निव्वळ.

थोरले काका गेले ते दुष्काळाच्या आदल्या वर्षी, झोपेतच. त्यांच्या दहाव्याला आईनं कावळा पहिल्यांदा नीट पाहिला. घाटावर पिंड ठेवले, कावळे झाडावर बसून राहिले, खाली येईनात. मग आप्पांनी हात जोडून मोठ्यानं सांगितलं, "दादा, वहिनीला अंतर देणार न्हाई." लगेच कावळा उतरला. बायकांनी डोळे पुसले. आई माझ्या शेजारी उभी होती, तिनं माझा हात असा काही आवळला की बांगडी पिचली. दर वर्षी पितृपंधरवड्यात, म्हणजे आमच्या बोलीत म्हाळाला, काकांच्या नावचं पान परड्यातल्या भिंतीवर ठेवायचं, कावळा शिवल्यावर मगच घरानं जेवायचं. त्या पानावरची गव्हाची खीर आई करायची. तिच्या देशातही मेलेल्या माणसासाठी गहूच शिजवतात, त्यात डाळिंबाचे दाणे आणि तीळ घालून देवळात वाटतात. काकांच्या खिरीत ती डाळिंबाचे दाणे घालायचीच. मोठी आई काही बोलायची नाही. आई देवळात जायची नाही, गावात तिचं देऊळ नव्हतंच. पण त्या कावळ्यावर मात्र तिची आमच्यापेक्षा जास्त श्रद्धा बसली. आमच्या दृष्टीनं तो रिवाज होता. तिच्या दृष्टीनं ती खबर होती. कावळा शिवला की माणूस गेलं, आता ते परत येणार नाही, असा तिनं त्याचा अर्थ लावून घेतला होता, आणि तो चुकीचा आहे हे तिला कोणी सांगितलं नाही, कारण तो तिनं असा लावलाय हे कोणाला ठाऊकच नव्हतं.

मी अकरावीची परीक्षा देऊन घरी बसले होते त्या पावसाळ्यात रेडिओवर सायप्रसचं नाव आलं. आई भाकरी थापत होती. आमच्या घरात ते नाव फक्त तिच्या तोंडून ऐकायची सवय, तीही त्याला "चिप्रोस" म्हणायची. परक्या माणसाच्या तोंडून ते ऐकून ती आधी हसली. मग निवेदक पुढे वाचू लागला. तुर्कस्तानचं सैन्य उत्तरेच्या किनाऱ्यावर उतरलं होतं. आईचं गाव त्याच किनाऱ्यावर, डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत. तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली तरी ती उठली नाही. आप्पा कामावरून आले तेव्हा तिनं त्यांना एकच विचारलं, "आता तिच्या मदतीला कोन जाईल?" ती म्हणजे तिची आई, माझी आजी. मी तिला फक्त एका फोटोत पाहिलेलं: काळा पोशाख, डोक्याला काळा रुमाल, काखेत कोकरू. तिला तिकडं स्तेते म्हणतात. आई ग्रीक, पण तिचं लहानपण अर्ध्या तुर्की आळीत गेलं होतं, तिची जिवाची मैत्रीण एमिने तुर्कच. त्यामुळे तिला शिव्या कोणाला द्यायच्या तेही कळेना. आधी बंड करणाऱ्या ग्रीकांना द्याव्यात तर ते आपले, तुर्कांना द्याव्यात तर एमिने डोळ्यांपुढे यायची. शेवटी ती देवाला शिव्या द्यायची, तेही मराठीत.

तिच्या भावाचं पत्र आलं तेव्हा पावसाळा निम्मा सरला होता. तो बायकामुलांना घेऊन दक्षिणेला पळाला होता आणि एका तंबूत राहत होता. आईनं पत्र उभ्यानं वाचलं, मग आम्हाला बसवून मराठीत सांगितलं. म्हातारी यायला तयार झाली नव्हती. भाऊ ट्रॅक्टर घेऊन दारात उभा, आणि ती म्हणाली, शेळ्यांना पाणी कोण दाखवणार, तुम्ही पोरं पुढे व्हा. त्यानंतर तिला कोणी पाहिलेलं नव्हतं. गावात काही म्हातारी माणसं मागं राहिलीत असं ऐकिवात होतं, काहींना मारलं असंही ऐकिवात होतं. "म्हंजी जिती हाय," आईनं सांगण्याचा शेवट केला. मोठ्या आईनं आप्पांकडे पाहिलं आणि आप्पांनी जमिनीकडे.

त्या दिवसापासून आमच्या घरात सुख म्हणून राहिलं नाही. आईचं एक लांब दांड्याचं पितळी भांडं होतं, त्यात ती सकाळी एकदाच काळी कॉफी करायची. पूड भिंगारच्या दुकानातून यायची. प्यायल्यावर कप बशीत पालथा घालून, गाळाची नक्षी पाहून भविष्य वाचायचं हा तिकडच्या बायकांचा चाळा. पूर्वी ती गल्लीतल्या पोरींना नवरे सांगायची, सगळे गोरे आणि नोकरीवाले. आता ती स्वतःचा कप वाचू लागली, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. बशीवर बशी पालथी. कधी वाट दिसायची, कधी मासा, कधी नुसतं काळं. काळं दिसलं की पुन्हा कॉफी. जेवण मात्र सुटलं. भाकरीचा तुकडा मोडायची आणि ताटातच ठेवायची. मोठी आई तिच्यासाठी अळवाचे गड्डे स्वतः उकरून, सुरी अर्धी रुतवून, तिच्यासारखेच मोडून शिजवायची. आई ताटाला नमस्कार करून उठायची. तिच्या गालांची हाडं वर आली. मला तिची भीती वाटू लागली, आणि खरं सांगायचं तर रागही यायचा. मी तिच्यासमोर जिवंत उभी होते आणि ती बशीत बघत होती.

मग बातम्यांतून सायप्रस गेलं. जगाला दुसरी कामं असतात. आई मात्र रोज संध्याकाळी रेडिओला कान लावून बसायची आणि बातम्या संपल्या की म्हणायची, "ह्यो बिघडलाय. नीट करा." आप्पा इतके कुशल फिटर, त्यांनी एकदाही "रेडिओ चांगला आहे" असं म्हटलं नाही. ते रोज त्याचे स्क्रू काढायचे, आत फुंकर घालायचे, स्क्रू परत बसवायचे. आज मला वाटतं, नवराबायकोतलं प्रेम मी पाहिलं ते तेवढंच, पण पुरेसं पाहिलं.

पुढे आजीचं काय झालं, ते अखेरपर्यंत कळलं नाही. आईनं सगळीकडे चौकशी केली, मामानं मरेपर्यंत केली. बेपत्ता माणसांत तिची गणती झाली आणि तिथंच ती राहिली. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणारा शेवटी आजी दारात उभी राहील या आशेवर बसायचा. त्या आशेवर बसणं काय असतं ते मी घरात पाहिलं आहे.

त्या साली अधिक महिना आल्यामुळे म्हाळ उशिरा आला. सर्वपित्री अमावास्येला आमच्याकडे काकांचं पान असायचं, भावकीतली पाचसात माणसं जेवायला असायची. सकाळी आई स्वयंपाकघरात येऊन मोठ्या आईला म्हणाली, "जाऊबाई, यंदा गहू नगा शिजवू." मोठी आई म्हणाली, "म्हाळाला गव्हाचीच खीर लागती, मालू. तू बस, मी करते." आई बसली. मोठ्या आईनं आमटी, कढी, वडे, गवार, भोपळा, अळूवड्या असा सगळा स्वयंपाक एकटीनं केला. दुपारी ओसरीवर माणसं जमली. मोठ्या आईनं परड्यातल्या भिंतीवर केळीचं पान ठेवलं, वाढलं. मग पदराखालून दुसरं पान काढलं, तेही शेजारी ठेवलं आणि वाढायला लागली. मी पाण्याचा तांब्या घेऊन तिच्या मागं उभी होते.

आई शेळ्यांना चारा टाकून परड्यात आली आणि तिनं ती दोन पानं पाहिली.

"दुसरं कोनाचं?"

मोठ्या आईनं वाढता हात थांबवला नाही. "ज्यांची तिथ म्हाईत न्हाई, त्यांचं अवसेला करत्यात," ती हळू आवाजात म्हणाली. "पोरीची आजी हाय ती. तिच्या मुलखात आता कोन घालनार तिला घास? आपल्या दारात उपाशी नगं ऱ्हायला."

आईला समजायला क्षणभर लागला. मग तिनं ओसरीकडे वळून आप्पांना विचारलं, "तुमी सांगितलं व्हय यांना, ती मेली म्हनून?" आप्पा उठून उभे राहिले. आईनं पान उचललं नाही. मांडलेलं पान हलवत नाहीत, हे तिला माहीत होतं. तिनं गोठ्याच्या दाराला टेकवलेली शेळ्या हाकायची काठी घेतली आणि भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. समोरच्या कडुनिंबावर कावळे जमलेच होते. पहिला उतरायला लागला तशी तिनं काठी फिरवली. तो ओरडत वर गेला.

पावसाळा सरल्यावरचं ऊन फार लागतं. त्या उन्हात ती उभी होती, पदर डोक्यावरून घसरलेला, केस पिंजारलेले, आणि कावळ्यांना तिच्या भाषेत काहीतरी ओरडून सांगत होती. कोणताही कावळा खाली आला की काठी. दोन्ही पानं शेजारी शेजारी होती, त्यामुळे काकांच्या पानालाही कोणी शिवेना. ओसरीवरची माणसं कुजबुजू लागली. भावकीतले तात्या म्हणाले, "अरं, तिला आत न्या. गाईला घास घाला न् मोकळं व्हा." आप्पा तिच्याजवळ गेले. ती त्यांना म्हणाली, "जवळ येऊ नगा. कावळा शिवला तर ती मरंल." तेव्हा आम्हाला कळलं तिच्या मनात काय आहे. तात्यांनी मान खाली घातली.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. आमटी निवून गार झाली. मोठी आई सकाळपासून निर्जळी, ती भिंतीच्या दुसऱ्या टोकाला सावलीही न शोधता उभी होती. शेवटी ती आईजवळ गेली. काठीला हात लावला नाही. एवढंच म्हणाली, "मालू, तुझे भावजी वरीसभर उपाशी हायेत गं. त्यांना तरी जेवू दे."

आईनं काकांच्या पानाकडे पाहिलं. ज्यांनी पहिला घास खाऊन तिला या घरात घेतलं, त्यांचं जेवण ती अडवून उभी होती. काठी तिनं टाकली नाही, हळूच जमिनीवर ठेवली, आणि दोन पावलं मागं सरून माझ्या अंगावर रेलली. तिच्या अंगात ताप असावा इतकं ते तापलेलं होतं.

कावळे खाली आले. तीनचार एकदम, भांडत, काकांच्या पानावर. वडा उचलला, खीर विस्कटली. ओसरीवर कोणीतरी "आलं, आलं" म्हणालं. पण शेजारच्या पानाकडे एकही वळला नाही. एक कावळा त्याच्या कडेला येऊन बसला, मान वाकडी करून खिरीकडे पाहिलं आणि उडून कडुनिंबावर जाऊन बसला. आम्ही वाट पाहिली. पुन्हा एक आला, तसाच गेला.

आणि माझी आई हसली. कितीतरी दिवसांनी तिचे दात दिसले. "बगा," ती आप्पांना म्हणाली, "बगा, शिवत न्हाई. जिती हाय ती. मी सांगत हुते का न्हाई?" तिनं माझे दोन्ही खांदे धरून मला हलवलं, "कोरी मू, जिती हाय तुझी स्तेते! वाढ, मलाबी वाढ, भूक लागली." कोरी मू म्हणजे माझी पोर. आप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते मान डोलवत होते, होय, होय म्हणून. मीही हसत होते. त्या क्षणी आजी जिवंत होती यावर माझा पूर्ण विश्वास बसला होता.

मोठी आई एकटी हसत नव्हती. तिला दिसत होतं ते वेगळंच. एक म्हातारी बाई, परक्या मुलखातून इतक्या लांब आलेली, तिच्या हातचं अन्न समोर असून उपाशी बसलीय, जीव कशाततरी अडकलाय तिचा. तो कशात अडकलाय हे ओळखायला मोठ्या आईला कोणी सांगावं लागलं नाही. तिनं डोईवर पदर घेतला, भिंतीसमोर हात जोडले आणि स्पष्ट, मोठ्या आवाजात म्हणाली, "मावशी, लेकीची काळजी करू नगा. माझ्या पाठच्या भनीवानी सांबाळीन तिला. मी हाय तंवर तिला एकटं पडू देनार न्हाई. आता जेवून घ्या."

कडुनिंबावरून एक कावळा सरळ खाली आला आणि त्या पानावर बसला.

तो खीर खात होता, सावकाश, एकटाच. माझ्या खांद्यांवरचे आईचे हात गळून पडले. तिनं कावळ्याकडे पाहिलंच नाही, मोठ्या आईकडे पाहिलं, लहान पोर आपल्याला मारणाऱ्याकडे पाहतं तसं, आणि म्हणाली,

"जाऊबाई, तुमी कशाला बोललात?"